हिरव्या ठिपक्याच्या आत आणि बाहेर : शाकाहारी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या सर्व ग्राहकांस सप्रेम नमस्कार.

गेल्या ज्येष्ठात, मुक्ताईची पालखी पंढरपूरकडे निघाली त्याच आठवड्यात, सावद्याच्या आमच्या दुकानात एक माळकरी आजी आल्या. परदेशातून सुट्टीवर आलेल्या नातेवाइकांनी त्यांच्या नातवासाठी आणलेले गोळ्यांचे पाकीट त्यांच्या हातात होते. गोळ्या पांढऱ्या-गुलाबी, कापसासारख्या मऊ होत्या आणि नातवाच्या आग्रहाखातर त्यांतील दोन आजींनी स्वतःही खाल्ल्या होत्या. "भाऊ, हे आपल्याले चालीन का?" एवढेच त्यांनी विचारले. पाकिटावर हिरवा ठिपका नव्हता आणि तपकिरी खूणही नव्हती. मागची बारीक अक्षरे भिंगाखाली धरून वाचली, तेव्हा साखरेच्या पुढे दोन शब्द सोडून जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेला पदार्थ, असे छापलेले सापडले. आजींना खरे ते सांगावे लागले. त्या काही बोलल्या नाहीत. गळ्यातील माळेवर हात ठेवून थोडा वेळ बाकावर बसून राहिल्या.

त्या वेळी आमच्याच काउंटरवर, काचेच्या बरणीत, जेलीच्या सुट्या गोळ्या विकायला ठेवलेल्या होत्या. त्यांच्या खोक्यावर काय लिहिले आहे हे आम्ही कधी वाचले नव्हते. आजी गेल्यावर माळ्यावरून रिकामे खोके उतरवून पाहिले, तर त्यावर तपकिरी खूण स्पष्ट होती. ही चूक पूर्णपणे आमची होती. हे माहितीपत्रक त्यानंतर लिहायला घेतले.

प्रथम त्या खुणेविषयी. पाकीटबंद अन्नपदार्थावर, नावाच्या जवळच, हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका असेल तर तो पदार्थ शाकाहारी, आणि तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण असेल तर मांसाहारी, असा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम आहे. पूर्वी दोन्ही खुणा गोलच होत्या आणि फरक केवळ रंगाचा होता. ज्यांना हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत त्यांची अडचण लक्षात घेऊन 2020 च्या नियमांत मांसाहारी खुणेसाठी त्रिकोण आणला गेला. अंडे असलेला पदार्थ या नियमानुसार मांसाहारी गणला जातो. ही खूण विश्वासार्ह आहे, असे आमचे मत आहे, आणि खूण असलेल्या मालाविषयी मोबाईलवरील निरोप वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही.

मात्र ही खूण नेमके काय सांगते तेही माहीत असावे. नियमातील मांसाहारी अन्नाच्या व्याख्येतून दूध व दुग्धजन्य पदार्थ वगळलेले आहेत, ते आपल्या रीतीला धरूनच आहे. परंतु त्यांच्याबरोबर मध, मधमाश्यांचे मेण आणि शेलॅक हेही वगळलेले आहेत. म्हणजे या तीन वस्तू असूनही पदार्थावर हिरवा ठिपका कायद्याने योग्यच ठरतो. बहुतेकांना यात काही वावगे वाटणार नाही. आमच्या जैन ग्राहकांपैकी अनेकजण मधही वर्ज्य मानतात, त्यांनी मात्र ठिपक्यावर न थांबता घटकांची यादी वाचावी.

शेलॅक म्हणजे आपली लाख. टपालाच्या पाकिटावर मोहोर उठवायला वापरतात आणि जिच्या बांगड्या होतात, तीच. लाखेचे बारीक किडे पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हजारोंच्या संख्येने चिकटून रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखे कवच तयार करतात. फांद्या तोडून ते कवच खरवडले जाते आणि त्यात किडेही जातात. आपल्या देशात झारखंड या उत्पादनात सर्वांत पुढे आहे. ही लाख शुद्ध करून रंगीत चॉकलेट-गोळ्या, औषधांच्या गोळ्या आणि काही आयात फळांवर चकाकी आणण्यासाठी लावली जाते. यादीत ती शेलॅक या नावाने किंवा आयएनएस 904 या क्रमांकाने दिसते (आयएनएस म्हणजे अन्नात मिसळायच्या घटकांना दिलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक). मधमाश्यांच्या मेणाचा क्रमांक 901 आहे. त्यांच्या शेजारचा 903 हा कार्नौबा मेणाचा असून ते ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांपासून मिळते, म्हणून त्याची शंका बाळगू नये.

जिलेटिनविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सर्वांत जास्त फसगत याच वस्तूने होते. जनावरांची हाडे आणि कातडी दीर्घकाळ प्रक्रिया करून व उकळून त्यांतून हा चिकट, चव नसलेला पदार्थ काढतात. जिलेटिन शाकाहारी असू शकत नाही; गाय, म्हैस, डुक्कर किंवा मासा यांपैकी कोणाचे, एवढाच प्रश्न उरतो. मऊ व चिवट गोळ्या, जेली, काही थंड गोड पदार्थ आणि फळांचे घट्ट दही यांत ते वापरले जाते. याच कामासाठी समुद्री शेवाळापासून बनणारे अगर-अगर, म्हणजे आपल्याकडे चायना ग्रास म्हणून मिळणारे तंतू, आणि फळांच्या सालीपासून मिळणारे पेक्टिन उत्तम चालतात. जेलीची दोन्ही प्रकारची पाकिटे एकाच फळीवर मांडलेली असतात आणि दिसायलाही सारखीच असतात, तेव्हा वाढदिवसाच्या घाईत खूण पाहिल्याशिवाय पाकीट उचलू नये.

लाल रंगाबाबत ग्राहकांच्या मनात बराच गोंधळ असतो, आणि त्याचे कारण दोन नावांचे साम्य आहे. कार्माइन, म्हणजे आयएनएस 120, हा रंग पेरूसारख्या देशांत निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनियल नावाच्या किड्याला वाळवून काढतात. परदेशी स्ट्रॉबेरी दही, गोळ्या आणि पेये यांत तो आढळतो. कार्मोइसीन, म्हणजे आयएनएस 122, हा कारखान्यात बनणारा रासायनिक रंग असून आपल्याकडील अनेक सरबतांत आणि मिठायांत तोच असतो. त्याचा अतिरेक आरोग्याला चांगला नाही, पण प्राण्यांशी त्याचा संबंध नाही.

आता चीज. पनीर लिंबू, व्हिनेगर किंवा आंबट निवळी घालून दूध फाडून करतात, त्यामुळे त्यात काही शंका नाही. चीजसाठी मात्र दूध वेगळ्या रीतीने साकळवावे लागते आणि युरोपात त्यासाठी कोवळ्या वासरांच्या जठरातून काढलेले रेनेट शतकानुशतके वापरात आहे. इटलीच्या पार्मिजानो रेज्जानो या चीजच्या नियमांतच वासराच्या रेनेटची अट आहे, त्यामुळे त्याला शाकाहारी पर्याय नाही. हिरवा ठिपका असलेल्या भारतीय चीजमध्ये सूक्ष्मजीवांपासून मिळणारे रेनेट असते आणि ते निर्धास्तपणे खावे. जळगाव-भुसावळकडे मुले पिझ्झा खायला जातात तेव्हा वर भुरभुरलेले चीज कोणते, एवढे एकदा विचारले तरी पुरे.

आयएनएस 631 या क्रमांकाने गेल्या काही वर्षांत घरोघरी भीती पसरवली. हा डायसोडियम इनोसिनेट नावाचा चव वाढवणारा क्षार आहे. तो डुकराची चरबी असल्याचे निरोप फिरतात, ते खरे नाही. तो चरबी नाहीच. तो मांसापासून किंवा माशांपासून काढता येतो आणि कंदाच्या स्टार्चवर सूक्ष्मजीवांची प्रक्रिया करूनही बनवता येतो. क्रमांक दोन्हीकडे एकच राहतो, आणि खरी अडचण ही आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये, याच घटकाच्या संदर्भात, अन्नपदार्थातील प्रत्येक घटक वनस्पतीपासून की प्राण्यापासून आला आहे हे केवळ क्रमांकावर न भागवता उघड केले पाहिजे, असे बजावले होते. बेकरीतील केकमध्ये आणि आइस्क्रीममध्ये असणाऱ्या 471 या क्रमांकाचीही गोष्ट अशीच आहे : तो पाम तेलापासूनही होतो आणि जनावराच्या चरबीपासूनही. अशा दुहेरी मुळाच्या घटकांसाठी हिरवा ठिपका हाच आधार मानावा. ठिपका आहे तर काळजी नको, आणि पाकीट विनाखुणेचे असेल तर ते घेऊ नये.

खूण नसते ती मुख्यतः सुट्या मालावर. पावाला चकाकी यावी म्हणून काही ठिकाणी वरून अंडे फिरवतात. हातगाडीवरील नूडल्समध्ये अंडे असू शकते आणि तिथल्या बाटल्यांमध्ये ऑयस्टर सॉस, म्हणजे शिंपल्यातील प्राण्याचा अर्क, असू शकतो. पारंपरिक वुस्टरशायर सॉसमध्ये अँचोव्ही नावाचे मासे असतात. मिठाईवरच्या चांदीच्या वर्खाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. वर्खात चांदीच असते, परंतु जुन्या पद्धतीत चांदीचे तुकडे जनावरांच्या आतड्यांच्या पापुद्र्यांत ठेवून हातोडीने तासन्‌तास कुटले जात. आता खास कागदांमध्ये यंत्रावर कुटलेला वर्ख मिळतो, पण पेढ्यावर बसलेला वर्ख पाहून तो कोणत्या पद्धतीचा हे कोणालाच ओळखता येत नाही. म्हणून आम्ही दिवाळीच्या फराळात आणि दराब्याच्या लाडवांवर वर्ख लावणे पूर्ण बंद केले आहे.

औषधे आमचा विषय नाहीत, तरी ग्राहक विचारतात म्हणून थोडे लिहितो. औषधांवर अन्नपदार्थांसारखी ठिपक्याची सक्ती नाही. बहुतेक कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असते. वनस्पतीजन्य कवचाच्या कॅप्सूलही मिळतात. ड-3 जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीतील मेणचट द्रव्यापासून तयार होते, तर ओमेगा-3 च्या पिवळ्या पारदर्शक गोळ्यांत अनेकदा माशाचे तेल असते आणि त्याऐवजी घरी जवस खाता येते. आयुर्वेदिक म्हणजे शाकाहारीच, हा समजही बरोबर नाही, कारण शंखभस्म, प्रवाळ, कपर्दिका म्हणजे कवडी, ही सर्व समुद्री जीवांची कवचे व सांगाडे आहेत आणि काही पाचक गोळ्यांत ती असतात. डॉक्टरांनी किंवा वैद्यांनी दिलेले औषध मात्र स्वतःहून थांबवू नये. त्यांच्याशी बोलून पर्याय मागावा.

काही वस्तूंवर विनाकारण संशय घेतला जातो. साबुदाणा हा टॅपिओकाच्या कंदाच्या स्टार्चपासून होतो, उपवासाला खुशाल खावा. काळ्या मसाल्यातील दगडफूल ही झाडांवर व खडकांवर वाढणारी वनस्पतीसदृश बुरशी-शेवाळ आहे. परदेशात काही कारखाने साखर शुभ्र करण्यासाठी हाडांचा कोळसा वापरतात. आपल्याकडील कारखान्यांत उसाचा रस सामान्यतः चुना आणि गंधकाच्या वायूने स्वच्छ केला जातो.

आमच्या स्वतःच्या मालाविषयी : केळीच्या साध्या वेफर्समध्ये कच्ची केळी, तेल आणि मीठ असते, मिरीच्या वेफर्समध्ये त्यावर मिरपूड. उडदाचे पापड व ज्वारीचे बिबडे यांत बाहेरचा कोणताही तयार मसाला नाही. चीजच्या चवीचे वेफर्स आम्ही काही महिने विकले होते. त्यांच्या तयार मसाल्यातील घटकांचे मूळ पुरवठादाराकडे लेखी मागितले, ते मिळाले नाही, म्हणून ते बनवणे थांबवले. मागणी अजूनही आहे, पण लेखी उत्तर येईपर्यंत तो वेफर सुरू होणार नाही.

काउंटरवर आता एक भिंग कायमचे ठेवलेले आहे. पाकीट आमच्याकडून घेतलेले असो वा नसो, ते घेऊन यावे. आम्ही घटकांची यादी आपल्यासमोर वाचून दाखवू आणि एखादा शब्द कळला नाही तर तसे स्पष्ट सांगून चौकशी करू. बरण्यांतील सुट्या गोळ्यांचे मूळ खोके आता बरणीखालीच, खूण ग्राहकाच्या बाजूला येईल असे ठेवतो. जेलीची ती बरणी रिकामी करून धुतली आहे आणि तिच्यात सध्या शेंगदाण्याची चिक्की आहे.