टाचदुखी

टाचेच्या तळाशी, बहुधा आतल्या कडेला, होणारे चिवट दुखणे. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकवताना काटा रुतल्यासारखी कळ येते. दहावीस पावले चालल्यावर ती ओसरते आणि बराच वेळ बसून उठताना किंवा संध्याकाळी पुन्हा जाणवते. ही लक्षणे इतकी ठरावीक असतात की निदान बहुतेकदा विचारपूस करून आणि टाच दाबून पाहूनच होते. हे दुखणे चाळिशी ते साठी या वयात अधिक दिसते. दिवसभर उभ्याने काम करणारे, वजन वाढलेले, पोटऱ्या आखडलेले आणि एकाएकी चालणे-पळणे वाढवणारे लोक त्याच्या तावडीत लवकर सापडतात.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत प्लांटर फॅसिआ ही जाड तंतुमय पट्टी पसरलेली असते. तळपायाची कमान तोलून धरण्यात तिचा मोठा वाटा आहे. पाऊल उचलताना अंगठा वर वळतो, पट्टी ताणली जाते आणि कमान उंचावते. ही यंत्रणा हिक्स याने 1954 मध्ये मांडली व ती आजही ग्राह्य आहे. झोपेत पाऊल खाली झुकलेले असल्याने पट्टी आखूड स्थितीत राहते. उठल्याबरोबर तिच्यावर शरीराचा भार येतो आणि ताण नेमका टाचेजवळच्या टोकाशी एकवटतो.

‘टाचेचे हाड वाढले आहे’ हे स्पष्टीकरण घरोघरी ऐकू येते. त्याचा उगम क्ष-किरण चित्रांत आहे. 1895 मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि 1900 च्या सुमारास प्लेटनर याने टाचेच्या हाडाला पुढच्या बाजूने फुटलेल्या टोकाचे वर्णन केले. विसाव्या शतकाच्या आरंभी काही शल्यचिकित्सकांनी या वाढीचा संबंध परमा (गनोरिया) या गुप्तरोगाशी जोडला. ते मत लवकरच मागे पडले. त्यानंतर पट्टीच्या सततच्या ओढीमुळे हाड तेथे वाढते, हे मत रूढ झाले. मात्र सूक्ष्म शारीररचनेचा अभ्यास करणाऱ्यांनी त्यावर दोन आक्षेप घेतले. एक तर हे टोक पुष्कळदा पट्टीत नसून तिच्या वरच्या थरातील लहान स्नायूच्या उगमापाशी आढळते. दुसरे, त्याच्या आतील अस्थिजाळीची मांडणी ओढीच्या दिशेने नसते. वय आणि वजन वाढेल तसे हे टोक अधिक प्रमाणात दिसते, हे ध्यानात घेता उभ्या भारामुळे, म्हणजे दाबामुळे, ते तयार होते हे मत अधिक सयुक्तिक वाटते. उगम कोणताही मानला तरी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. टाच कधीही न दुखलेल्या दहा माणसांत एखाद्याच्या चित्रात हे टोक दिसते आणि टाचदुखीच्या अनेक रुग्णांत ते नसतेच. त्यामुळे केवळ चित्र पाहून धसका घेण्याचे कारण नाही. ‘कॅल्शियम साठले’ असे समजून दूध बंद करणे तर निखालस चुकीचे आहे. आहारातील कॅल्शियमचा या वाढीशी संबंध नाही.

दुसरा वाद दाहाविषयी आहे. ‘प्लांटर फॅसिआयटिस’, म्हणजे या पट्टीचा दाह, या रोगाच्या इंग्रजी नावातच दाह गृहीत धरलेला आहे. परंतु लेमाँट आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये शस्त्रक्रियेत काढलेले 50 नमुने तपासले, तेव्हा त्यांना दाहाच्या पेशींऐवजी तंतूंची झीज व विस्कटलेली रचना आढळली. हे नमुने जुनाट दुखण्याचे होते, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत दाह असू शकेल, अशी पुस्ती काही अभ्यासक जोडतात. जुनाट टाचदुखीत मात्र झिजेचे मत स्वीकारण्याकडे कल आहे. नुसती विश्रांती आणि वेदनाशामक गोळ्या का पुऱ्या पडत नाहीत, याचा उलगडा त्यातून होतो.

आयुर्वेदातील ‘वातकंटक’ या विकाराशी टाचदुखीचे साम्य दाखवले जाते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात पाऊल वेडेवाकडे पडल्याने वात कुपित होऊन हा विकार होतो, असे म्हटले आहे. अष्टांगहृदयात श्रम हे आणखी एक कारण दिले असून स्थान घोट्याचे सांगितले आहे. हे पाहता वातकंटकात घोटा मुरगळणेही येत असावे आणि आजच्या टाचदुखीशी त्याचा मेळ अंशतःच बसतो. रक्तमोक्षण (रक्त काढणे), एरंडेल तेल आणि तापवलेल्या सुईने डाग देणे हे उपचार परंपरेत आले आहेत. यांतील डाग देणे घरी कदापि करू नये.

बडोद्यात मर्दन व हाडवैद्यकीची परंपरा तालमींशी निगडित आहे. जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रा. माणिकराव मालिश आणि हाड बसवण्याच्या कौशल्यासाठी ख्यातनाम होते. दहा खंडांचा मराठी व्यायाम ज्ञानकोशही याच शहरात सिद्ध झाला. दांडिया बाजार, रावपुरा भागांतील जुन्या मराठी घरांत टाचदुखीवर रुईच्या पानाचा शेक घेतात: वीट तापवायची, तिच्यावर तेल लावलेले पान ठेवायचे आणि फडक्यावरून टाच टेकवत राहायचे. शनिवारी मारुतीला वाहण्याच्या माळांमुळे रुई, गुजरातीतला आकडो, शहरातही सहज मिळते. उष्णतेने पोटरी आणि तळवा सैल होऊन तात्पुरता आराम पडतो. गुण पानाचा की विटेचा, तर बहुधा विटेचाच. रुईचा चीक डोळ्याला लागल्यास गंभीर इजा होते. मधुमेहात तळव्याची संवेदना कमी झालेली असल्यास चटका बसल्याचे कळतही नाही. अशांनी हा शेक घेऊ नये. कोटा फरशीवर अनवाणी ओट्याशी उभे राहणे, नवरात्रातला अनवाणी गरबा किंवा सवय नसताना बडोद्याजवळच्या पावागड डोंगराच्या पायऱ्या चढणे, यांनी टाचेवरचा भार वाढतो. दुखणे असलेल्यांनी घरातही मऊ तळाची, टाच किंचित उंच असलेली चप्पल वापरावी. तळ झिजलेली सपाट चप्पल टाकून द्यावी.

घरगुती उपायांत पट्टीच्या ताणाला अग्रस्थान द्यावे. अंथरुणातच, पाय खाली टेकवण्यापूर्वी, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून बोटे हाताने नडगीकडे ओढावीत. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळव्यात ताठ झालेली दोरी चाचपावी. ती हाताला लागली म्हणजे ताण योग्य जागी बसला. दहा अंक मोजेपर्यंत धरावे, असे दहादा, दिवसातून तीन वेळा. भिंतीला हात टेकून गुडघा सरळ ठेवून, मग किंचित वाकवून, पोटरी ताणावी. कळ कमी झाली की पायरीच्या कडेवर, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून, टाचा सावकाश उचलाव्यात: तीन सेकंद वर, दोन सेकंद थांबून, तीन सेकंद खाली, एक दिवसाआड. चालून आल्यावर गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे तळव्याखाली फिरवल्यास ठणका कमी होतो. सुधारणा आठवड्यांनी नव्हे, महिन्यांनी मोजावी लागते. बहुसंख्य रुग्ण वर्षभरात शस्त्रक्रियेविना बरे होतात. ही मुदत ठाऊक नसल्याने लोक व्यायाम मध्येच सोडतात, आणि ते नुकसान मोठे आहे. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे बरे वाटते. वारंवार घेतल्यास पट्टी तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी विरळ होण्याचा धोका असतो.

टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर तीव्र दुखणे, सूज, ताप, रात्री जळजळ किंवा बधिरता असल्यास घरी वेळ दवडू नये. तरुण वयात दोन्ही टाचा दुखत असतील आणि सकाळी कंबर ताठत असेल, तर संधिवाताची तपासणी आवश्यक आहे. टाचेच्या मागच्या बाजूचे दुखणे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणाऱ्या जाड दोरीचे (अकिलीस टेंडनचे) असू शकते. आठ ते चौदा वर्षांच्या खेळकर मुलांत टाचेच्या वाढीच्या जागी दुखते. खेळ काही काळ कमी केल्यावर ते शमते आणि हाडाची वाढ पूर्ण झाल्यावर उरत नाही.