बासचा वसंत थर्मामीटरवर

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात इथे मिशिगनमध्ये एक दिवस अचानक २० अंशांचं ऊन पडतं आणि गॅरेजमध्ये सहा महिने पडून असलेले गळ बाहेर निघतात. तळ्याच्या धक्क्यावर माणसांची रांग लागते. संध्याकाळी सगळ्यांचं रडगाणं एकच: एवढं छान ऊन, आणि एक बास मासा गळाला लागेल तर शपथ! त्या रांगेत मीही असायचो. मग एकदा दोरीला थर्मामीटर बांधून पाण्यात सोडला. ८ अंश! हवा कितीही तापो, मासा काही हवेत राहत नाही.

लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला शिकारी. अंग हिरवट, जबडा थेट डोळ्याच्या मागेपर्यंत फाटलेला. रक्त थंड, त्यामुळे ८ अंशांत त्याचं पचन आणि हालचाल दोन्ही मंदावतात. भक्ष्यामागे धावणं त्याला परवडत नाही. म्हणून या दिवसांत पाण्यात अधांतरी थांबणारं जर्कबेट नावाचं नकली आमिष वापरतात. दोन झटके द्यायचे आणि दहा-पंधरा सेकंद गप्प बसायचं. जमत नाही ते हे गप्प बसणंच.

आता माझ्या आवडीचा भाग. पाणी सगळ्यांत जड असतं ४ अंशांना, हे शाळेत शिकलोय. म्हणून हिवाळ्यात बर्फ वर आणि ४ अंशांच्या आसपासचं पाणी तळाशी. बर्फ वितळला की वरचं पाणी तापत ४ अंशांकडे येतं, जड होतं, खाली बुडतं आणि तळं ढवळून निघतं. त्यापुढे मात्र तापलेलं पाणी हलकं होऊन वर राहायला हवं ना? राहतं, पण जेमतेम. ४ आणि ५ अंशांच्या पाण्याच्या घनतेत जो फरक आहे, त्याच्या सुमारे तीसपट फरक २४ आणि २५ अंशांच्या पाण्यात असतो. म्हणजे उन्हाळ्यात वरचा ऊबदार थर वाऱ्याला सहजी दाद देत नाही, पण एप्रिलमध्ये साधा वाराही दिवसभराची कमाई खालच्या थंड पाण्यात मिसळून टाकतो. ऊन सगळ्या तळ्यावर पडतं. ऊब टिकते ती वारा न पोचणाऱ्या जागी.

इथला थंड वारा बहुधा वायव्येकडून येतो. त्यामुळे तळ्याचा वायव्येचा उथळ कोपरा आडोशाला राहतो आणि दक्षिणेचं ऊनही खातो. तळाशी काळा चिखल असेल तर आणखी उत्तम. त्याच दुपारी, गेल्या वर्षीच्या वाळक्या पाणकणसांमध्ये माझा थर्मामीटर १२ दाखवत होता. धक्क्यापासून चालत पाच मिनिटं, आणि ४ अंशांचा फरक.

पाणी १५-१६ अंशांवर गेलं की नर उथळ पाण्यात येतात आणि शेपटीने तळ झाडून परातीएवढा खळगा करतात. मादी अंडी घालून निघून जाते. राखण नराची, पिल्लं पोहू लागल्यावरही. आपल्याकडची मरळ पिल्लं सांभाळते, तसंच. हा नर आमिषावर तुटून पडतो, पण भुकेने नव्हे, हुसकावण्यासाठी. त्याला वर काढलं की ब्लूगिल मासे काही मिनिटांत अंड्यांवर ताव मारतात. नंतर सोडून दिला तरी घर लुटलेलंच असतं. हे सोपं आहे म्हणून लोक करतात. मला ते पटत नाही.

आणि ती चंद्राची ॲप्स! पौर्णिमेला बास हमखास अंडी घालतो, म्हणून दर महिन्याला पैसे घेऊन शुभ घटिका विकतात. पंचांगाला हसणारे माझे मित्र ती बिनदिक्कत विकत घेतात. चांदण्याने पाणी तापत नाही, एवढं तरी आठवावं. कोकणात चढणीच्या माशांची वाट बघणारा माणूसही शेवटी तिथीपेक्षा पावसाकडेच डोळे लावून बसतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच कोपऱ्यात गेलो. रात्र निरभ्र, दवाचा बर्फ झालेला. उथळ पाणी तापतं लवकर तसं निवतंही लवकर. थर्मामीटर ९ वर. पाणकणसांत काहीच नव्हतं. वीस पावलं मागे, तळ जिथे खोल उतरतो त्या कडेला जर्कबेट टाकलं, आणि बारापर्यंत मोजून झाल्यावर दोरी हळूच बाजूला सरकली.