अमेरिकी कॉलेज खेळाडूंचा मोबदला : एका शब्दाने अडवलेली सत्तर वर्षं

६ जून २०२५ रोजी कॅलिफोर्नियातल्या फेडरल न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी ‘हाउस विरुद्ध एनसीएए’ (एनसीएए म्हणजे कॉलेजच्या खेळांचं नियमन करणारी राष्ट्रीय संघटना) या खटल्यातली तडजोड मंजूर केली आणि अमेरिकेतल्या कॉलेजांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा मिळाली. २०२५-२६ या वर्षात एका कॉलेजला जास्तीत जास्त सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर वाटता येतात. शिवाय आधीच्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून जवळपास २.८ अब्ज डॉलर मागची भरपाई म्हणून मिळायची आहे. या बातम्यांतून असा समज होतो की कॉलेजच्या खेळात पैसा आत्ता शिरतोय. खरं तर तो पहिल्या शर्यतीपासून तिथेच आहे.

ती शर्यत ऑगस्ट १८५२ मधली. न्यू हॅम्पशायरच्या विनिपसॉकी सरोवरावर हार्वर्ड आणि येल यांच्या नावा एकमेकींशी भिडल्या. अमेरिकेतला हा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना. त्या भागातल्या रेल्वे कंपनीला प्रवासी हवे होते, म्हणून मुलांच्या जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा सगळा खर्च कंपनीने उचलला. म्हणजे पुरस्कर्ता आधी आला, परंपरा त्याच्या मागून.

पुढे फुटबॉलचं वेड लागलं; हा अमेरिकी फुटबॉल, रग्बीसारखा. १९१४ साली येलने सत्तर हजार माणसं बसतील एवढं मैदान बांधलं; आज मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात लाखाहून जास्त माणसं बसतात. आपल्याकडे आंतरविद्यापीठ सामन्याला खेळाडूंचे मित्र आणि दोन-चार प्राध्यापक जमतात, त्यामुळे हा आकडा डोळ्यांसमोर उभा करायला आपल्याला वेळ लागतो. एवढं मैदान बांधलं की ते दर शनिवारी भरलंच पाहिजे, आणि भरायचं तर जिंकणारी मुलं हवीत. ती मिळवण्यासाठी आडमार्गाने पैसे देणं सर्रास चालू होतं. कार्नेगी फाउंडेशनच्या १९२९ च्या अहवालाने ते उघड्यावर मांडलं. एनसीएए ही संघटना १९०६ मध्ये स्थापन झाली होती, पण तिचं मूळ काम वेगळं होतं. फुटबॉलमध्ये मुलं मरत होती, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बड्या कॉलेजांना बोलावून घेतलं होतं, आणि त्यातून खेळाचे नियम सुधारण्यासाठी ती उभी राहिली. खेळाडूचा खिसा तपासणं हे तिचं मुख्य काम पुढे झालं. १९५६ मध्ये तिने खेळासाठीची शिष्यवृत्ती अधिकृत केली : शिक्षण, राहणं, जेवण आणि वरखर्चाला थोडे पैसे.

याच सुमारास ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’, म्हणजे ‘विद्यार्थी-खेळाडू’, हा शब्द आला. त्याचा जन्म मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग वाटतो. अर्नेस्ट नेमेथ हा डेन्व्हर विद्यापीठाचा फुटबॉलपटू टेनिस कोर्टांची देखभाल करून थोडे पैसे मिळवायचा. फुटबॉल खेळताना त्याला दुखापत झाली आणि १९५३ साली कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला कामगार नुकसानभरपाई मान्य केली. ती नोकरी फुटबॉल खेळण्यावरच अवलंबून होती, असं न्यायालयाला दिसलं. कॉलेजं हादरली. खेळाडू कामगार ठरला, तर प्रत्येक मोडलेल्या हाडाची जबाबदारी कॉलेजवर येणार होती. १९५५ मध्ये त्याच राज्यातल्या फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या पत्नीने भरपाई मागितली. १९५७ मध्ये न्यायालयाने ती नाकारली : कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही, म्हणून. एनसीएएचा कारभार तीन दशकांहून जास्त काळ चालवणारे वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर, १९९५ साली स्वतःच लिहिलं, की खेळाडू नोकर ठरू नये या भीतीपोटी हा शब्द घडवला आणि सगळ्या नियमांत घातला. ‘विद्यार्थी’ हा एवढा निर्मळ शब्द एका विधवेचा दावा परतवणाऱ्या व्यवस्थेच्या कामी यावा, हे वाचून मला आजही चीड येते.

धंदा मात्र वाढतच होता. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने फुटबॉल प्रक्षेपणावरची एनसीएएची मक्तेदारी मोडली, आणि टीव्हीचे करार कॉलेजं आणि त्यांचे गट स्वतः करू लागले. पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या हक्कांसाठी २०१० मध्ये चौदा वर्षांचा १०.८ अब्ज डॉलरचा करार झाला. बहुतेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा कुठल्यातरी विद्यापीठाचा प्रशिक्षक असतो.

एवढं असूनही, खेळाच्या स्वतःच्या कमाईवर खर्च भागवणारी कॉलेजं मोजकीच. तिकिटं, प्रक्षेपण आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या यांवर बडी कॉलेजं चालतात. (चांगली आसनं मिळावीत म्हणून दिलेल्या देणगीच्या ८० टक्के रकमेवर २०१७ पर्यंत करसवलत होती.) बाकीच्या ठिकाणी तूट भरली जाते विद्यापीठाच्या तिजोरीतून आणि सरसकट सगळ्या विद्यार्थ्यांच्या फीमधून, मग ते सामना बघोत वा न बघोत. व्हर्जिनिया राज्याला २०१५ मध्ये या भरण्यावर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. आपल्याकडून तिकडे शिकायला गेलेली मुलंही अशा विद्यापीठांत ही फी भरतात. फुटबॉलच्या पैशावर पोहणं, कुस्ती, धावणं हे खेळ जगतात, आणि १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्यामुळे मुलींच्या खेळांनाही संधी द्यावी लागते. म्हणून ‘खेळाडूंना द्या’ म्हणणं सोपं असलं, तरी कुणाच्या ताटातून काढून द्यायचं हा प्रश्न खराच आहे.

खेळाडूला पैसे न देण्याच्या या भिंतीला तडा गेला तो एका व्हिडिओ गेममुळे. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचा माजी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन याला गेममध्ये स्वतःसारखाच खेळाडू दिसला, तोही फुकट वापरलेला. २००९ मध्ये तो कोर्टात गेला आणि २०१४ मध्ये त्याच न्यायाधीश विल्केन यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने खेळाडूंना आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर कमावू देणारा कायदा केला. २१ जून २०२१ रोजी ‘ऑल्स्टन’ खटल्यात सुप्रीम कोर्टाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी एनसीएएला हरवलं. प्रश्न खेळाडूंना मिळणाऱ्या शिक्षणाशी निगडित लाभांवर एनसीएएने घातलेल्या मर्यादेपुरता होता, पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र मतात एनसीएए कायद्याच्या वर नाही, असं स्पष्ट बजावलं. दहाच दिवसांत, १ जुलैपासून, खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातींतून कमवायला परवानगी मिळाली. परदेशी खेळाडूंना मात्र विद्यार्थी व्हिसाच्या अटी आड येतात.

हाउस खटल्यातला ग्रँट हाउस हा अ‍ॅरिझोना स्टेटचा जलतरणपटू. पण मागच्या भरपाईचा बहुतेक वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जाणार आहे. संघाचा आकार मर्यादित करणाऱ्या नव्या नियमांमुळे लहान खेळांतल्या मुलामुलींना जागा गमवायची धास्ती आहे.

डेनिसनच्या पत्नीने विचारलेलं मात्र या तडजोडीत कुठेच नाही. डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉलपटूंनी मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी कामगार संघटना निवडली, आणि डिसेंबर संपता संपता त्या संघटनेसाठी केलेला अर्ज मागे घेतला गेला. कॉलेज आता खेळाडूला पैसे देऊ शकतं. पण तो कॉलेजचा नोकर आहे की नाही, यावर तडजोडीने काहीच ठरवलेलं नाही.