न्यूक्लियस अँबिग्यूअस

लंबमज्जेतील, म्हणजे मेंदूच्या बुंध्याच्या सर्वांत खालच्या भागातील, प्रेरक चेतापेशींचा बारीक उभा स्तंभ. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक असतो. घसा, मृदू टाळू आणि स्वरयंत्र यांचे बहुतेक स्नायू याच्या हुकमावर हलतात. पेशी विरळ विखुरलेल्या, सूक्ष्मदर्शकाखाली कडा धड दिसत नाहीत; म्हणून लॅटिनमध्ये नाव पडले ‘संदिग्ध’. कामात संदिग्धपणा नाही.

सिंधुदुर्गातल्या जत्रेत दशावतारी खेळ रात्रभर रंगतो. लुगडे नेसून स्त्रीपार्ट करणारा पुरुष आवाज वर चढवतो, तेव्हा मुख्यतः क्रिकोथायरॉइड हा एकच स्नायू स्वररज्जू ताणत असतो. त्याला या स्तंभाची आज्ञा मिळते ती व्हेगस या दहाव्या कर्पर चेतेच्या (थेट मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूच्या) वरच्या फांदीतून. स्वरयंत्राचे आतले स्नायू दुसऱ्या फांदीवर अवलंबून. ही डावीकडची फांदी छातीत उतरते, महाधमनीखालून वळसा घेते आणि पुन्हा गळ्यात चढते. मुंबईहून कणकवलीला निघालेल्याने आधी मडगाव गाठावे, तसला प्रकार! त्यामुळे छातीतल्या गाठीनेही आवाज बसू शकतो.

स्तंभ स्वतः काही ठरवत नाही. देवळात गाऱ्हाणे घालणाऱ्याचे शब्द आणि त्यावर गावकऱ्यांचे ‘व्हय महाराजा’ हे मेंदूच्या बाह्यकातून, म्हणजे वरच्या पातळ थरातून, येते. माणसात तिथून काही तंतू थेट या पेशींपर्यंत पोचतात. माकडांत ते अत्यल्प. पायाखाली अचानक फुरसे दिसल्यावर फुटणारी किंकाळी मात्र मध्यमेंदूतल्या जुन्या वाटेने उतरते.

गिळण्याचा क्रम लंबमज्जेतच ठरलेला असतो. दोन प्रवेशांच्या मधे नट चहाचा घोट घेतो, तेव्हा टाळू वर उचलला जातो, स्वररज्जू मिटतात, श्वास क्षणभर थांबतो. बोलता बोलता मासे खाणाऱ्याला ठसका लागतो तो हा मेळ चुकल्यावर. स्वररज्जू मिटवणारे स्नायू अनेक, उघडणारी जोडी एकच; दोन्ही बाजूंनी ती लुळी पडली तर आवाज बऱ्यापैकी राहतो, पण श्वास कोंडतो.

लंबमज्जेच्या एका कडेचा रक्तपुरवठा तुटला (वॉलेनबर्ग लक्षणसमूह) तर आवाज घोगरा होतो, पेज गिळतानाही ठसका लागतो, काहींना उचकी थांबत नाही. रुग्णाला ‘आ’ करायला सांगितले की पडजीभ निरोगी बाजूकडे ओढली जाते.