चित्रीकरणातील न्याय्य कार्यतत्त्वे (ग्रामीण विदर्भ)

चित्रपट, मालिका, माहितीपट, बातमी किंवा यूट्यूबवरची वेबमालिका तयार करताना त्यात राबणाऱ्या आणि त्यात दिसणाऱ्या माणसांशी कसे वागावे, मोबदला किती व केव्हा द्यावा, संमती कशी घ्यावी आणि जिवाची जबाबदारी कोणाची, याविषयीचे कायदे व संकेत. मुंबईत हा विषय मुख्यतः युनियन, शिफ्टचे तास आणि थकलेल्या बिलांचा असतो. विदर्भाच्या खेड्यात कॅमेऱ्यासमोर येणारा बहुतेक माणूस स्वतःला कलाकार म्हणवत नाही आणि त्याला बोलावणाराही त्याला कामगार समजत नाही. वावर (शेत) त्याचे, बंडी (बैलगाडी) त्याची, बैल त्याचे, पुष्कळदा दुःखही त्याचे. कॉल शीटवर, म्हणजे दिवसभरासाठी कोणाला बोलावले त्या यादीवर, मात्र त्याचे नाव नसते. इथली न्याय्यता याच माणसापासून मोजावी लागते.

कायद्यानेही या माणसाकडे उशिराच पाहिले. १९८१ च्या सिने-कामगार अधिनियमाने लेखी कराराची सक्ती केली, पण तो कायदा कथापटांपुरता होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने तो पोटात घेऊन ‘दृक्‌श्राव्य कामगार’ ही मोठी संज्ञा आणली, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियमात २०१२ साली एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी तरतूद, घातले गेले. चित्रपटात ज्याचे काम ओझरते आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, त्याला ‘कलाकार’ धरू नये, असे ते सांगते. म्हणजे बाजाराच्या दृश्यातली सगळी माणसे बाहेर. एक हक्क तेवढा त्यांना ठेवला आहे : आपल्या कामाची मोडतोड करून अब्रूला बट्टा लावला, तर हरकत घेता येते. खेड्यात हा हक्क कोणी समजावून सांगत नाही, आणि तो सांगणे हे पहिल्या दिवसाचे काम आहे असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

रोजी व हंगाम : गावातल्या माणसाला किती पैसे द्यावेत, याचा हिशेब त्याची त्या दिवशीची रोजी किती बुडाली इथून सुरू होतो. ती वर्षभर सारखी नसते. सोयाबीन सोंगणीला आले की मजूर मिळत नाहीत. दिवाळीनंतर पश्चिम विदर्भात कापसाची वेचणी असते आणि तिचे पैसे किलोवर मिळतात, त्यामुळे हात चलाख असलेली बाई दिवसाला ठरीव मजुरीपेक्षा पुष्कळ जास्त कमावते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे त्याच सुमारास धानाची कापणी. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुले वेचायची, मे महिन्यात तेंदूपाने तोडायची. तेंदूचा हंगाम मोजक्याच दिवसांचा असतो आणि जंगलालगतच्या घरांत वर्षाच्या रोख पैशाचा मोठा वाटा त्यातून येतो. अशा दिवसांत ‘जेवण देऊ, टीव्हीवर दिसाल’ म्हणून शंभर माणसे दिवसभर बसवून ठेवणे म्हणजे त्यांच्या घरातला पैसा उचलून नेणे आहे. तारखा ठरवतानाच गावाला विचारले तर बहुतेक अडचण टळते.

पैसे त्याच संध्याकाळी, ज्याचे त्याच्या हातात द्यावेत. युनिट आणि गाव यांच्या मध्ये स्थानिक को-ऑर्डिनेटर असतो. युनिटने ठरवलेला आकडा आणि गावकऱ्याच्या हातात पडलेला आकडा यांत फरक पडतो तो इथेच. यावर साधा उपाय आहे. माणशी किती ठरले ते सकाळी ग्रामपंचायतीसमोर मोठ्याने वाचून दाखवायचे आणि संध्याकाळी वाटप त्याच जागी करायचे. उद्याचा शॉट रद्द झाला, तरी बोलावून ठेवलेल्याची रोजी द्यायची. तो कामावर गेला नाही तो तुमच्या शब्दावर.

घर आणि वावर : गावात सर्वांत जास्त नुकसान घराचे होते. एखाद्या बाईने दोन वर्षे पैसा जोडून ओसरीत टाइल्स बसवलेल्या असतात, भिंतीला गुलाबी रंग दिलेला असतो. दिग्दर्शकाला ‘गरिबाचे घर’ हवे असते. मग आर्ट डिपार्टमेंट येते, भिंतीवर काळा-तपकिरी रंग फासते, टिनांवर गवत पसरते, कूलर उचलून मागच्या खोलीत ठेवते. पॅक-अपनंतर जनरेटर आधी निघतो. मागे उरतात खिळ्यांची भोके, धुऊन न जाणारा रंग आणि धुऱ्यावर (बांधावर) उडणाऱ्या थर्माकोलच्या प्लेटा. त्या गुरांच्या पोटात जातात. म्हणून घर ताब्यात घेण्यापूर्वी फोटो काढून त्याची एक प्रत मालकाला द्यावी, भाडे लिहून द्यावे आणि घर पूर्ववत करण्याची रक्कम सरपंचाकडे आधीच ठेवावी. घर मुळात असे का दाखवायचे, हा प्रश्नही बाईने विचारला तर त्याचे उत्तर द्यायला हवे.

दुःखाचे चित्रीकरण : यवतमाळ, अमरावती, वर्धा, अकोला, बुलडाणा, वाशीम या कापूसपट्ट्यातल्या शेतकरी आत्महत्यांमुळे देशभरचे कॅमेरे गेली वीस-पंचवीस वर्षे इथे येत आहेत. त्यातून धोरणावर प्रश्न विचारले गेले, हे खरेच. पण काही घरांत आठवड्यात चार चमू येऊन गेलेले असतात. आत अंधार असतो म्हणून बाईला अंगणात बोलावतात. ती खिळ्यावरचा फोटो काढते, पदराने काच पुसते आणि छातीशी धरून उभी राहते. थोडे डावीकडे, उजेड नीट येत नाही, असे तिला सांगितले जाते. लेकरू दारात उभे राहून ऐकत असते. पुढचा चमू आला की तोच फोटो, तेच अंगण.

भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९ मध्ये आत्महत्येच्या वार्तांकनाविषयी मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या. पद्धतीचे वर्णन नको, भडक मथळा नको, छायाचित्र वापरू नये, असा त्यांचा रोख आहे. गावपातळीवर याला आणखी काही जोडावे लागते. कॅमेरा गाडीतच ठेवून आधी माणसाने जावे. नाही म्हटले तर परतावे आणि शेजाऱ्याकडून तीच गोष्ट काढू नये. सावकाराचे नाव कॅमेऱ्यावर घेतले तर चमू गेल्यावर त्या बाईला त्याच गावात राहायचे आहे, हे तिला आधी सांगावे. आत्महत्येनंतरच्या सरकारी मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र हे ठरायचे असेल, तर कारणांविषयीचे एखादे वाक्य कापून, जोडून वेगळे करू नये. बातमीसाठी पैसे देऊ नयेत हा नियम योग्य आहे. पण माहितीपटवाल्याने एखाद्या कुटुंबाचे दहा दिवस घेतले, तर त्या दहा दिवसांची रोजी देण्यात लाच कसली? ती थकबाकीच आहे.

संमती ही भाषेचीही गोष्ट आहे. मेळघाटातल्या कोरकू आईने, यवतमाळातल्या कोलामाने किंवा भामरागडच्या माडियाने इंग्रजी रिलीज फॉर्मवर (चित्रीकरण वापरू देण्याच्या संमतिपत्रावर) उमटवलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे. कोलाम आणि माडिया गोंड हे विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात. त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलणारा, गावाने निवडलेला माणूस हवा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्या गावात निर्णय बहुमताने घेत नाहीत, ग्रामसभेत सर्वांचे एकमत व्हावे लागते. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तिथली घोषणा. बाहेरच्या चमूने ग्रामसभेत बसून, चित्रीकरण कशासाठी आणि कुठे दिसेल हे सांगून परवानगी घेणे, ही पद्धत प्रत्येक गावात चालू शकते. रेला हा आदिवासींचा समूहनाच ज्या प्रसंगी होतो त्या प्रसंगी टिपावा. भर उन्हाळ्यात भाड्याचे मोरपीस लावून तो नाचवून घेऊ नये. आणि गडचिरोलीत पोलिसांच्या शेजारी उभा असलेला गावकऱ्याचा चेहरा पडद्यावर जाणे हा नक्षलवाद्यांमुळे अनेक वर्षे जिवाशी खेळ ठरला आहे.

सुरक्षितता : एप्रिल-मे महिन्यांत ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोल्याकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो. नटाला छत्री आणि गर्दीला ऊन, ही विभागणी सेटवर सर्रास दिसते. दुपारी १२ ते ४ काम बंद ठेवणे आणि सावली-पाणी सर्वांना सारखे देणे, एवढ्याने ऊन लागण्याचे प्रकार पुष्कळ कमी होतात. ताडोबा व्याघ्रप्रकल्पाच्या बफरमधल्या (भोवतालच्या पट्ट्यातल्या) गावात पहाटे पाचचा कॉल असेल तर शेजारच्या पाड्यावरून अंधारात पायी येणाऱ्यांसाठी गाडी पाठवावी. तिथे वाघ आहे.

बालकलाकारासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला ५ तासांहून जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांहून जास्त काम देता येत नाही. कमाईचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत जातो. दहा किंवा अधिक माणसांच्या युनिटला लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान युनिटमधल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. जनावरांच्या वापराला प्राणी कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते, आणि पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, मग शॉट कोणाचाही असो.

स्थानिक निर्मिती : बाहेरून येणाऱ्या युनिटलाच दोष द्यावा असे नाही. वऱ्हाडी बोलीतल्या यूट्यूब मालिकांत गावातलेच पोरे-पोरी फुकट काम करतात आणि चॅनेल कमावू लागले की हिशेब एकाच्याच खात्यावर राहतो. ‘आपलाच गडी हाय’ म्हणून कोणी बोलत नाही. पहिल्या व्हिडिओआधी वाटणी वहीत लिहिणे एवढेच करायचे असते. झाडीपट्टी रंगभूमीकडून, म्हणजे पूर्व विदर्भातल्या हंगामी नाटकांच्या परंपरेकडून, इथे शिकण्यासारखे आहे. वडसा हे तिचे केंद्र. तिथल्या कंपन्या हंगामात रात्रीच्या प्रयोगावर मानधन ठरवतात, आणि मानधन कोणाला किती हे सुरुवातीलाच बोलले जाते. तिची दुखरी बाजू म्हणजे रात्रभर नाटक, सकाळी प्रवास, पुन्हा नाटक. तालुक्याच्या वार्ताहराची गोष्ट आणखी अवघड. त्याला पगार नसतो, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या जाहिरातींचे कमिशन असते. ज्याच्याकडून जाहिरात आणायची त्याच्याविरुद्ध बातमी कशी लिहायची?

श्रेयनामावलीत ‘समस्त गावकरी मंडळी’ असे लिहून मोकळे होण्याची रीत आहे. त्याऐवजी हजेरीपटावरची नावे एकेक करून विचारून लिहावीत. काहींना आडनाव नको असते, ते का हे विचारायची गरज नाही. काही बायांना नवऱ्याऐवजी वडिलांचे नाव लावायचे असते. चित्रपट तयार झाल्यावर शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर लावून तो गावाला दाखवावा. शेवटची नावे सरकू लागली की पुढच्या रांगेतली पोरे ती मोठमोठ्याने वाचतात, आणि मागून कोणीतरी ‘थांबव, थांबव’ म्हणते.