कॅमेऱ्यासमोरची बाई मालकीण झाली तेव्हा

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. तिथे सहलीला गेलेल्या नाशिककराला एक गोष्ट हमखास ठाऊक असते : १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेबांना तारामती मिळेना. वेश्यावस्तीतल्या बायकांनीही नकार दिला, आणि शेवटी अण्णा साळुंकेंनी लुगडं नेसलं. त्याच वर्षी फाळके नाशकात आले. पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. ही गोष्ट आपण गंमत म्हणून सांगतो. मला मात्र त्या बायकांचा नकार महत्त्वाचा वाटतो. आपलं चित्र कुठे जाणार, कोण बघणार, हे आपल्या हातात राहणार नसेल तर बाई नाही म्हणणारच.

ज्याला आपण आवाज खाली आणून 'ब्लू फिल्म' म्हणतो, त्या धंद्यात हाच प्रश्न सत्तर वर्षांनी अभिनेत्रींनीच उघडपणे मांडला. अमेरिकेत १९७० च्या दशकात हे सिनेमे थिएटरात लागत. पैसा आणि दिग्दर्शन बहुतेक पुरुषांच्या हाती होतं. अभिनेत्रीला कामाचा ठरलेला मोबदला मिळे. पुढे कॅसेट कितीही खपली तरी तिच्या पदरात काही पडत नसे. कँडिडा रॉयल त्यांच्यातलीच एक. न्यूयॉर्कमध्ये १९८३ साली ती आणि तिच्या मैत्रिणी एकीच्या घरी जमू लागल्या, मन मोकळं करू लागल्या. त्या घराच्या पत्त्यातल्या आकड्यावरून मंडळाचं नाव पडलं क्लब ९०. पुढच्याच वर्षी कँडिडाने 'फेम' ही स्वतःची निर्मितीसंस्था काढली. व्हिडिओ घरात आला होता, म्हणजे बाईलाही हे निवांत पाहता येणार होतं, हे तिने ओळखलं. तिच्या सिनेमांत कथा होती, जिव्हाळा होता, आणि बाईचं सुख मध्यभागी होतं.

कायद्याची बाजू १९८८ मध्ये थोडी सैल झाली. चित्रीकरणासाठी कलाकारांना पैसे देणं म्हणजे वेश्याव्यवसायासाठी माणसं लावणं नव्हे, असा निकाल कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने फ्रीमन खटल्यात दिला. आरोग्याची बाजूही कलाकारांनीच उचलली. एचआयव्हीची भीती पसरली असताना, १९९८ मध्ये शॅरन मिचेल या माजी अभिनेत्रीने कलाकारांच्या तपासणीसाठी संस्था उभी केली.

टोरांटोत २००६ पासून स्त्रीवादी पॉर्नसाठी पुरस्कार सुरू झाले, तोवर 'एथिकल' या शब्दाला ठोस अर्थ आला होता : काय करायचं आणि कुणाबरोबर हे आधी ठरलेलं, तपासणी झालेली, मध्येच थांबायची मुभा, आणि पैसे वेळेवर. स्वीडनची एरिका लस्ट बार्सिलोनातून असंच काम करते, आणि प्रकाशयोजनेपासून कथेपर्यंत त्याला कला मानते.

आपल्याला हे फार परकं वाटायला नको. लावणीच्या संगीत बारीत पार्टीची मालकीण बाईच असते. ती स्वतः नाचलेली, गायलेली असते. कुठल्या बैठकीला जायचं आणि कुठे नाही, हे तीच ठरवते.

लंडनमध्ये २०१६ साली ओन्लीफॅन्स हे संकेतस्थळ निघालं, जिथे प्रेक्षक थेट कलाकाराला पैसे देतो, आणि मधला निर्माताच गळाला. कमाईतले ८० टक्के कलाकाराचे, २० टक्के कंपनीचे. पण ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने बँकांचं कारण देऊन उघड लैंगिक चित्रणावर बंदी जाहीर केली, आणि आठवड्याच्या आत मागे घेतली. कॅमेरा बाईच्या हाती आला होता. गल्ल्याची किल्ली अजून बँकेकडेच होती.

नाशकातल्या कुणी सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने असं चित्रण करून प्रसिद्ध केलं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७अ लागू शकतं : पहिल्याच दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. संमतीविना कुणी तिचं चित्रण पसरवलं तर कलम ६६ई तिच्या बाजूने आहे, आणि २०२१ च्या नियमांनी तक्रारीनंतर काही तासांत ते काढण्याचं बंधनही संकेतस्थळांवर घातलं. पण ज्या चित्रणाची तक्रार करायची, ते मुळात तिनेच विकलेलं असेल, तर पोलिसांसमोर ती फिर्यादी म्हणून बसेल की आरोपी म्हणून, या धास्तीने ती ठाण्याची पायरीच चढत नाही.