बांधाला बांध लागलेल्यांचा चषक

२१ जून २०२३ ची संध्याकाळ. मिरजेत पाऊस लांबला होता. मैदानावर फक्कीच्या रेघा धुळीत पुसट झाल्या होत्या आणि शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही सात-आठ जण एका मोबाईलवर वाकलो होतो. तिकडे बंगळूरच्या कंठीरवा स्टेडियमवर मात्र धो धो पाऊस. दहाव्या मिनिटाला पाकिस्तानच्या गोलरक्षकाच्या पायातून चेंडू निसटला आणि सुनील छेत्रीने तो तिथल्या तिथे जाळ्यात ढकलला. पुढे त्याची हॅट्ट्रिक झाली, भारत ४-० ने जिंकला. शेडमधल्या एका पोराने विचारलं, "काका, ह्यो कुठला कप म्हणायचा?"

सॅफ अजिंक्यपद, दक्षिण आशियातल्या राष्ट्रीय फुटबॉल संघांची स्पर्धा, असं एका वाक्यात सांगता येतं. पण मला ती नेहमी भावकीची स्पर्धा वाटत आली आहे. बांधाला बांध लागलेल्या घरांत वर्षानुवर्षं बोलचाल बंद असते, तरी लग्नकार्यात एका पंगतीला बसावंच लागतं, तसं हे आहे. त्या दिवशी पाकिस्तानचा संघ सामन्याच्या दिवशीच बंगळुरात उतरला होता, कारण व्हिसा मिळायला उशीर झाला. धड झोप नाही, सराव नाही, थेट मैदानात. ते ४-० वाचताना एवढं ध्यानात ठेवावं.

सुरुवात 'सार्क'च्या, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेच्या, सावलीत झाली. सार्क स्थापन झाली डिसेंबर १९८५ मध्ये ढाक्यात, आणि १९९३ मध्ये लाहोरला पहिला 'सार्क गोल्ड कप' भरला. संघ चारच: भारत, पाकिस्तान, श्रीलंका, नेपाळ. अंतिम सामनाही नव्हता, साखळी सामन्यांवरच निकाल. मुंबईतल्या बॉम्बस्फोटांना तेव्हा काही महिनेच झाले होते. अशा काळात भारतीय संघ लाहोरला जाऊन खेळला आणि चषक घेऊन आला, ही गोष्ट आज कुणाच्या फारशी आठवणीत नाही याचं मला वाईट वाटतं.

दोन वर्षांनी कोलंबोत यजमान श्रीलंकेने भारताला जादा वेळेत १-० ने हरवलं. १९९७ मध्ये दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघ, म्हणजे सॅफ, स्थापन झाला आणि स्पर्धेला त्याचं नाव लागलं. त्या वर्षी काठमांडूत आणि १९९९ मध्ये गोव्यात भारतच जिंकला. २००३ मध्ये ढाक्यात बांगलादेशने मालदीवला पेनल्टी शूटआउटवर हरवून आपला पहिला चषक उचलला. २०२३ पर्यंतच्या चौदा स्पर्धांपैकी नऊ भारताच्या नावावर आहेत. पण उरलेल्या पाच पाहिल्याशिवाय ही स्पर्धा कळत नाही.

मालदीवचंच बघा. २००६ च्या जनगणनेत त्या देशाची लोकसंख्या तीन लाखांच्या आत होती. आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची २०११ मध्ये पाच लाखांवर होती. एका महापालिकेपेक्षा लहान देश, तोही समुद्रात विखुरलेल्या बेटांचा, मैदानाला सपाट जागा मिळायची मारामार. त्यांनी २००८ मध्ये कोलंबोतल्या अंतिम सामन्यात भारताला १-० ने हरवलं आणि २०१८ मध्ये ढाक्यात पुन्हा २-१ ने. त्यांचा अली अशफाक हा आघाडीवीर २०१३ मध्ये श्रीलंकेविरुद्ध एकाच सामन्यात सहा गोल मारून गेला. आपल्याकडे मनुष्यबळ कमी म्हणून खेळ मागे, असं म्हणणाऱ्यांना मी हाच देश दाखवतो.

आणि २०१३ चं काठमांडू. अफगाणिस्तान या महासंघात आलं ते २००५ मध्ये, अनेक वर्षं युद्धात होरपळून. त्यांच्या संघातली बरीच मुलं निर्वासितांच्या घरांतली, परदेशात वाढलेली. गोलरक्षक मन्सूर फकीरयार जर्मनीत क्लब फुटबॉल खेळायचा. उपांत्य सामना यजमान नेपाळशी, दशरथ स्टेडियम तुडुंब भरलेलं, आणि फकीरयारने दोन पेनल्टी अडवल्या. अंतिम सामन्यात त्यांनी भारताला २-० ने हरवलं. काबूलमध्ये रात्रभर लोक रस्त्यावर होते, आनंदाने हवेत गोळीबार चालला होता. आपण हरलो होतो, तरी त्या रात्री मला राग आला नाही. पुढे हे बिऱ्हाड मध्य आशियाच्या महासंघात गेलं. जाता जाता जानेवारी २०१६ मध्ये तिरुवनंतपुरमला झालेल्या अंतिम सामन्यात छेत्रीच्या जादा वेळेतल्या गोलने भारताने २-१ अशी परतफेड केली.

पंगतीत जागा रिकाम्या राहायचं मग नेहमीचंच झालं. २०२१ मध्ये फिफाच्या बंदीमुळे पाकिस्तान नव्हता, भूतानही आला नाही. माले इथे पाचच संघ खेळले. २०२३ मध्ये बंदी श्रीलंकेवर होती. आठ संघ भरावेत म्हणून कुवेत आणि लेबनॉन हे पाहुणे बोलावले.

बायकांची सॅफ स्पर्धा २०१० पासून सुरू आहे. पहिल्या पाचही वेळा भारत, नंतर २०२२ आणि २०२४ मध्ये काठमांडूत सलग दोनदा बांगलादेश. त्या संघातल्या कितीतरी मुली मैमनसिंगमधल्या कलसिंदूर या एका खेड्याच्या. तिथल्या प्राथमिक शाळेतून ही मुलींची फळी उभी राहिली. स्मृती मानधनाच्या सांगलीत मुलगी बॅट घेऊन निघाली तर आता कुणी मागे वळून बघत नाही. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतही मुलींच्या पायात फुटबॉलचे बूट यावेत असं मला फार वाटतं.

४ जुलै २०२३, कुवेतशी अंतिम सामना. कुवेतने आधी गोल केला, भारताच्या छांगटेने बरोबरी साधली, १-१ वर शूटआउट. पाच फेऱ्यांनंतरही बरोबरीच. सहाव्या फेरीत महेशने आपला फटका जाळ्यात धाडला आणि मग आपला गोलरक्षक गुरप्रीत सिंगने कुवेतच्या कर्णधाराचा फटका अडवला. शेडमध्ये मोबाईल कुणाच्या हातातून खाली पडला ते कळलंच नाही, काचेला तडा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी कप कुठला विचारणारा तोच पोरगा, एरवी गोलात उभं राहायला नको म्हणणारा, दोन विटांच्या मध्ये जाऊन उभा होता.